देव मानत नाही, तरी एएच्या मीटिंगला जावं का?

दारू सोडायची तयारी झालेली असते. डॉक्टर सांगतात, एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या गटाच्या, मीटिंगला जा. माणूस धीर करून जातो, तासभर बसतो, आणि शेवटी सगळे उभे राहून ‘हे परमेश्वरा’ अशी प्रार्थना म्हणू लागतात. उभ्या आयुष्यात ज्यानं देवापुढं हात जोडले नाहीत, तो तिथंच ठरवतो की हे आपलं काम नव्हे. घरी येऊन सांगतो, “माणसं चांगली आहेत, पण तो देवाचा भाग मला जमायचा नाही.” पुढच्या आठवड्यात जात नाही.

हे वाक्य मी गोव्यात कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्यांकडून ऐकलं आहे, विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांकडून ऐकलं आहे आणि अलीकडे विशी-पंचविशीतल्या मुलांकडूनही ऐकते आहे. ते वाक्य खोटं नसतं. म्हणून त्याला ‘जा हो, सगळं ठीक होतं’ असं उडवून लावणारं उत्तर पुरत नाही.

माझं उत्तर आधी सांगून टाकते. जावं. देव न मानणाऱ्यांनाही अशा कार्यक्रमाचा फायदा होतो, आणि हे नुसतं ऐकीव नाही, त्यावर अभ्यास झालेले आहेत. मात्र ‘जावं’ म्हणजे ‘हळूहळू देव मानायला लागावं’ असा अर्थ कुणी लावू नये. आणि जाऊनही नाहीच जमलं, तर दुसरे रस्ते आहेत. त्यातला एक तर आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासून सिद्ध झाला आहे.

प्रश्न गोव्यात किती मोठा आहे, तेही बघू. केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेलं व्यसनांचं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. १० ते ७५ या वयोगटात दारू घेणाऱ्यांचं प्रमाण देशात १४.६ टक्के, गोव्यात २८ टक्के. त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा मला जास्त टोचतो. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाला होता. इतकी कमी दारं उघडी असताना त्यातलं एक दार देवाच्या नावावरून बंद होणं आपल्याला परवडणारं नाही.

मुळात एए म्हणजे काय

१९३५ साली अमेरिकेतल्या अक्रन या गावात दोन पिणारे एकमेकांशी बोलत बसले. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा सर्जन. दुसऱ्या पिणाऱ्याशी मन मोकळं केलं की आपल्याला न पिता राहता येतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस तिथून सुरू झालं. भारतात ते १९५७ पासून आहे. फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही. मीटिंगमध्ये सदस्य स्वेच्छेनं जे टाकतील त्यावरच खर्च चालतो, बाहेरच्या देणग्या घेतल्या जात नाहीत.

मीटिंगमध्ये एकेक जण उठतो, ‘मी अमुक, मी एक मद्यपाशी’ असं म्हणतो आणि आपली हकीकत सांगतो. कोकणी मीटिंग असेल तर ‘हांव बेबदो’ असं कानावर येतं. बाकीचे ऐकतात. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. जागा मिळेल तिथं मीटिंग भरते, कधी शाळेच्या वर्गात, कधी चर्चच्या हॉलमध्ये. चर्चचा हॉल म्हटल्यावर काही हिंदू घरांत कुजबुज सुरू होते. ती निव्वळ जागा असते. एए कुठल्याही चर्चचं, देवळाचं किंवा पंथाचं नाही.

सदस्य होण्याची अट एकच आहे: दारू सोडण्याची इच्छा. ती एएच्या बारा परंपरांपैकी, म्हणजे गट कसे चालावेत याच्या नियमांपैकी, तिसऱ्या परंपरेत लिहून ठेवली आहे आणि तिच्यात देव कुठंही नाही. हे पहिल्याच दिवशी प्रत्येक नव्या माणसाला सांगायला हवं. पुष्कळदा ते सांगायचं राहून जातं.

देव येतो तो बारा पायऱ्यांत. पायऱ्या म्हणजे क्रमानं करायच्या गोष्टी. पहिलीत दारूपुढं आपलं काही चालत नाही याची कबुली आहे. दुसरीत आपल्याहून मोठ्या एखाद्या शक्तीवर भरवसा, तिसरीत ‘आपल्याला समजलेल्या परमेश्वरा’च्या हाती स्वतःला सोपवणं. चौथीत आपल्या चुका, राग, भीती यांची लेखी झडती आणि पाचवीत ती दुसऱ्या माणसाला वाचून दाखवणं. आठवी-नववीत ज्यांचं आपण नुकसान केलं त्यांची यादी करून शक्य तिथं भरपाई. दहावीत रोजची झडती, अकरावीत प्रार्थना आणि ध्यान, बारावीत दुसऱ्या पिणाऱ्याला मदत. मोजून पाहिलं तर दुसरी, तिसरी, पाचवी, सहावी, सातवी आणि अकरावी अशा सहा पायऱ्यांत देव किंवा उच्चशक्ती आहे. म्हणजे बरोबर निम्म्या. ‘नावापुरताच देव आहे हो’ असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही, आणि नास्तिक माणसाला असं फसवून आत नेऊ नये. तो दुसऱ्या मीटिंगला स्वतःच वाचून बघतो.

‘आपल्याला समजलेला’ हे शब्द आले कुठून

हे शब्द एका हट्टी नास्तिकाच्या भांडणातून आले.

१९३८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या गटात जिम बरवेल नावाचा एक विक्रेता आला. दारू सोडायची होती, पण देवाचं नाव निघालं की तो मीटिंगमध्ये वाद घालायचा. लोक इतके वैतागले की याला काढून टाकावं अशी भाषा सुरू झाली. मध्ये तो पुन्हा प्यायलाही. पण तो परत आला आणि त्याला ठेवून घेतलं गेलं. तेव्हा १९३९ साली निघालेल्या एएच्या मूळ ग्रंथाचा मसुदा तयार होत होता. नुसतं ‘देव’ लिहू नका, असा आग्रह धरणाऱ्यांत बरवेल पुढं होता. त्या ओढाताणीतून तिसऱ्या आणि अकराव्या पायरीत ‘आपल्याला समजलेला’ हे शब्द आले. बरवेल १९७४ साली वारला तोपर्यंत दारूपासून दूर होता. सदस्यत्वाला इच्छेपलीकडे अट नको, हे एए त्याच्याच निमित्तानं शिकलं, असं पुढं बिल विल्सननंही लिहून ठेवलं.

त्याच ग्रंथात अज्ञेयवाद्यांसाठी, म्हणजे देव आहे की नाही हे सांगता येत नाही असं मानणाऱ्यांसाठी, एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचं शीर्षक दिलासा देतं, पण वाचत गेल्यावर सूर असा लागतो की आज ना उद्या तुम्हाला देव सापडेलच. बॉब स्मिथ यांनी तर आपल्या हकीकतीच्या शेवटी नास्तिकांची कीव केली आहे. तेव्हा एएच्या लिखाणात दोन सूर आहेत हे मान्य करायला हवं. एक म्हणतो, जसा आहेस तसा ये. दुसरा म्हणतो, ये, पुढं बदलशीलच. कुठल्या मीटिंगमध्ये कुठला सूर मोठा लागेल, हे तिथल्या जुन्या सदस्यांवर ठरतं. म्हणून एका मीटिंगवरून सगळ्या एएचा निकाल लावणं मला चुकीचं वाटतं.

खुद्द विल्सनला १९३४ च्या डिसेंबरात हॉस्पिटलात उपचार चालू असताना लख्ख उजेडाचा अनुभव आला होता, आणि त्यानंतर तो कधी प्यायला नाही. ती हकीकत वाचून अनेकांना वाटायचं की आपल्यालाही असं काही दिसल्याशिवाय सुटका नाही. म्हणून १९४१ साली ग्रंथाच्या दुसऱ्या छपाईत एक पुरवणी जोडली गेली. बहुतेकांच्यात बदल हळूहळू, शिकत शिकत होतो, असं तिच्यात स्पष्ट केलं आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या एएनं नास्तिक आणि अज्ञेयवादी सदस्यांच्या अनुभवांची एक पुस्तिकाही अधिकृतपणे स्वीकारली. तिथंही नास्तिक टिकले आणि सुधारले, याची ही त्यांच्याच घरची कबुली म्हणायची.

अभ्यास काय सांगतात

एएचा परिणाम तपासणं अवघड असतं. जो आपणहून मीटिंगला जातो तो आधीच सोडायच्या तयारीत असतो. मग तो सुधारला तर श्रेय मीटिंगचं की त्याच्या इच्छेचं? यावर उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे गट पाडायचे. एका गटाला समुपदेशक बारा पायऱ्यांची ओळख करून देतो आणि एएशी जोडून देतो, दुसऱ्या गटाला वेगळा मानसोपचार मिळतो. मग वर्षभरानं बघायचं.

अशा २७ अभ्यासांचा आणि त्यातल्या १०,५६५ माणसांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेनं २०२० साली प्रसिद्ध केला. औषधं आणि उपचार यांच्या पुराव्यांची कसून छाननी करणारी ही संस्था आहे. एएशी जोडून दिलेल्यांपैकी वर्षभरानंतर पूर्ण न पिणारे सुमारे ४२ टक्के होते, इतर उपचार घेतलेल्यांत ३५ टक्के. शंभरात सातांचा फरक. चमत्कार म्हणावा एवढा तो मोठा नाही, पण फुकट मिळणाऱ्या आणि जन्मभर मिळत राहणाऱ्या मदतीसाठी तो भरपूर आहे.

आता आपला खरा प्रश्न. १९९० च्या दशकात अमेरिकेत ‘प्रोजेक्ट मॅच’ नावाचा १,७२६ रुग्णांचा मोठा अभ्यास झाला होता. त्यातल्या दीड हजार जणांची माहिती घेऊन टॉनिगन, मिलर आणि शर्मर या संशोधकांनी २००२ साली नेमकं हेच तपासलं, की नास्तिक आणि अज्ञेयवादी माणसांचं एएमध्ये काय होतं. दोन गोष्टी दिसल्या. पहिली, देव न मानणारे मीटिंगला कमी जातात. दुसरी, जे जातात त्यांचं पिणं कमी होतं किंवा थांबतं, आणि या फायद्याचा देव मानण्या-न मानण्याशी संबंध दिसत नाही. त्याआधी १९९९ साली ३,०१८ पुरुष रुग्णांच्या अभ्यासातही असंच आढळलं होतं. रुग्ण धार्मिक नाही म्हणून डॉक्टरनं त्याला अशा गटाकडं न पाठवणं योग्य ठरत नाही, असा त्याचा अर्थ.

थोडक्यात, अडचण जाण्यात आणि टिकण्यात आहे. बसलेल्या माणसाला फायदा होतो, पण तो बसतच नाही. म्हणून मला वाटतं की नास्तिक माणसाला मीटिंगमध्ये टिकवायची जबाबदारी एकट्या त्याची नाही. त्याच्या शेजारच्या खुर्चीवरच्या श्रद्धाळू सदस्याचीही आहे.

हे बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत हे खरं. पण पुढं येणारी कारणं वाचली, तर ती आपल्या वाड्यावर लागू होतील की नाही ते तुम्हीच ठरवू शकाल.

मग काम नक्की कशानं होतं

हार्वर्डचे जॉन केली आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षं हेच शोधताहेत. त्यांच्या मांडणीनुसार सर्वांत मोठा वाटा संगत बदलण्याचा आणि ‘चारचौघांत असूनही मी न पिता राहू शकतो’ हा विश्वास वाढण्याचा आहे. आध्यात्मिकता वाढण्याचा वाटाही दिसतो, पण तो मुख्यतः ज्यांचं व्यसन फार तीव्र होतं त्यांच्यात. देवाचा काहीच उपयोग नाही असं विज्ञान म्हणत नाही. इतर गोष्टींचा उपयोग जास्त, आणि जास्त माणसांना होतो, एवढंच ते म्हणतं.

गोव्यात संगत बदलणं किती कठीण आहे हे इथं राहणाऱ्यालाच कळेल. कोपऱ्यावर बार, वाड्यावर तावेर्न. मार्च उजाडला की काजूची उर्राक. जत्रेच्या नाटकाची तालीम संपली की बाटली, शिगम्याचा मेळ घरी परतला की बाटली, मयताहून आल्यावरसुद्धा बाटली. गावाच्या राखणदार देवाला सोरो, म्हणजे दारू, दाखवायची प्रथा असलेला हा मुलूख आहे. देव आणि दारू यांचं इथं वैर कधी नव्हतंच. दारू सोडणाऱ्याच्या हातातून एका दिवसात ग्लास जातो आणि ग्लासाबरोबर संध्याकाळी सात ते दहाची सगळी माणसंही जातात. त्या रिकाम्या तीन तासांत तो परत पितो. मीटिंग त्या तीन तासांतला एक तास भरते आणि फोन करता येतील अशी चार माणसं देते. ती माणसं रात्री अकरालाही फोन उचलतात, कारण एकेकाळी त्यांचाही असा फोन कुणीतरी उचललेला असतो. यात कुठंही देव मानायची गरज पडत नाही.

चौथी ते दहावी या पायऱ्यांकडंही याच नजरेनं बघा. दारूची उधारी, बायकोच्या गहाण पडलेल्या बांगड्या, भावाशी जमिनीवरून झालेली हाणामारी, मुलाच्या शाळेत पिऊन घातलेला गोंधळ. हे सगळं मनात कुजत राहतं आणि त्याची लाज विसरायला माणूस पुन्हा पितो. ते कागदावर उतरवणं, एका भरवशाच्या माणसाला वाचून दाखवणं, बांगड्या सोडवून आणणं, भावाच्या दारात जाऊन ‘चुकलं माझं’ म्हणणं. कुठलाही विवेकवादी माणूस हे मान्य करील. बाराव्या पायरीचंही तसंच. त्याच प्रोजेक्ट मॅचच्या माहितीवरून २००४ साली मारिया पगानो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उपचारानंतर दुसऱ्या पिणाऱ्यांना मदत करणाऱ्यांपैकी ४० टक्के वर्षभर प्यायले नाहीत, मदत न करणाऱ्यांपैकी २२ टक्के.

योगासनांशी याची तुलना करता येईल. प्राण, चक्र यांवर विश्वास नसलेल्या माणसाचीही पाठ आसनांनी मोकळी होते. ‘कृपा फाउंडेशन’चे फादर जो परेरा कॅथलिक धर्मगुरू. त्यांनी १९८१ साली मुंबईत बारा पायऱ्यांना बी. के. एस. अय्यंगारांच्या योगाची जोड दिली. धर्मगुरूनं चालवलेल्या केंद्रात सगळ्या धर्मांची आणि कुठलाच धर्म न मानणारी माणसं आसनं करतात, हे आपल्याकडं सहज खपून जातं. मग पायऱ्यांबाबतच एवढा संकोच का करावा?

पणजीला जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे. तोही धर्मगुरूच, कांदोळीत जन्मलेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये लोक मानत होते की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलासा चुंबकीय प्रवाह निघतो. फारियानं सांगितलं, प्रवाह वगैरे काही नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात, त्याच्या अपेक्षेतून घडतं. माणसाची श्रद्धा आणि एखाद्या परिणामाचं कारण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, हे या गोमंतकीयानं दोनशे वर्षांपूर्वी दाखवलं. मीटिंगमध्ये एक जण म्हणेल देवानं सोडवलं, दुसरा म्हणेल या माणसांनी सोडवलं. सुटलेले दोघंही.

शपथ वेगळी, कार्यक्रम वेगळा

आपल्याकडं ‘आध्यात्मिक मार्गानं दारू सोडवणं’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती शपथ. देवळात नेऊन नारळ ठेवायला लावतात, देवाचा प्रसाद घेतात, आंगवण, म्हणजे नवस, बोलतात. कुणी पंढरीला जाऊन माळ घालतो. माळ घालून सुधारलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. तिथंही नीट पाहिलं तर माळेबरोबर भजनी मंडळ आलेलं असतं, रोजची संध्याकाळ आलेली असते.

नुसती शपथ मात्र एका क्षणावर सगळा भार टाकते. ती मोडली की माणसाला दारूची लाज वाटते आणि वर देवाचाही अपराध झाला असं वाटतं. मग तो आणखी पितो. एएमध्ये घसरलेल्या माणसाला ‘पुन्हा ये’ म्हणतात आणि हिशोब फक्त आजच्या दिवसाचा ठेवतात. नास्तिक माणसाला शपथेची चीड असेल तर ती मी समजू शकते. पण तो राग त्यानं बारा पायऱ्यांवर काढू नये. ती गोष्ट वेगळी आहे.

देव न मानता व्रत पाळणं मराठी माणसाला नवीनही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांची सुरुवात देवदेवता न मानण्यापासून होते आणि त्यांतच दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे. अंधश्रद्धेविरुद्ध लढता लढता प्राण गेले त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीच साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्तीचं काम उभं केलं. व्यसनमुक्ती ही देवाधर्माच्या माणसांचीच मक्तेदारी आहे, असं समजणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे लक्षात ठेवावं.

कुठं अडतं, आणि खरंच अडतं

देवापेक्षा मला पहिल्या पायरीवरचा आक्षेप जास्त वजनदार वाटतो. ‘माझं काही चालत नाही’ हे म्हणणं, ज्याचं घरात सगळं चालत आलं आहे अशा पुरुषाला कदाचित औषधासारखं लागू पडेल. पण जिचं घरात कधीच काही चाललं नाही, त्या बाईनं पुन्हा तेच म्हणायचं? अमेरिकेत जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७० च्या दशकात याच मुद्द्यावर स्त्रियांसाठी वेगळा गट सुरू केला आणि स्वतःची ताकद ओळखण्यावर भर दिला. गोव्यात पिणाऱ्या बायका आहेत. त्या लपून पितात आणि पुरुषांनी भरलेल्या मीटिंगमध्ये त्यांना बोलणं जमत नाही. त्यांच्यासाठी समुपदेशकाकडं एकटीनं जाणं हीच बरेचदा बरी सुरुवात असते.

दुसरी अडचण सक्तीची. अमेरिकेत १९९६ साली दोन वरिष्ठ न्यायालयांनी निकाल दिले, की कैद्याला अशा कार्यक्रमाला जबरदस्तीनं पाठवणं हे त्याच्या धर्मस्वातंत्र्याविरुद्ध आहे. आपल्याकडं सक्ती करतात ते घरचे. त्यांना कळकळीनं सांगणं आहे, की मीटिंगला जा म्हणून मागं लागा, पण देवाला नमस्कार कर म्हणून मागं लागू नका. दोन्ही एकत्र मागितलंत तर दोन्ही हातची जातील.

तिसरी अडचण, खोटं बोलायची वेळ. काही जुने सदस्य प्रेमानंच सांगतात, ‘सध्या मानल्यासारखं कर, पुढं आपोआप येईल.’ मला हे पटत नाही. ज्या कार्यक्रमाचा पाया प्रामाणिकपणा आहे, त्यात पहिल्या दिवसापासून देवाबद्दल खोटं बोलायला लावणं घातक आहे. पिणाऱ्याला खोटं बोलायची सवय आधीच पुष्कळ असते. त्यापेक्षा एएनंच सुचवलेली वाट धरावी. समोर बसलेला गट हीच आपल्याहून मोठी शक्ती मानावी. मी एकटा जे करू शकलो नाही ते या वीस जणांना मिळून जमलं आहे. हे डोळ्यांनी दिसतं, त्याला श्रद्धा लागत नाही. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहावं. बदलता येत नाही ते स्वीकारायचं, बदलता येतं ते बदलायचं, आणि दोन्हींतला फरक ओळखायचा, हा त्या प्रार्थनेचा गाभा कुणालाही मनातल्या मनात घोळवता येतो.

देवाशिवायचे रस्ते

१९८५ साली जेम्स ख्रिस्तोफर यांनी आणि १९९४ साली ‘स्मार्ट रिकव्हरी’नं अमेरिकेत पूर्णपणे धर्मनिरपेक्ष गट सुरू केले. स्मार्टच्या मीटिंगा ऑनलाइनही असतात, इंग्रजी येणाऱ्याला घरबसल्या जोडून घेता येतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, अशा गटांत मनापासून सहभागी होणाऱ्यांना बारा पायऱ्यांच्या गटांइतकाच फायदा होताना दिसला. पुन्हा तेच. गट कुठला यापेक्षा त्यात किती रुजलात याला महत्त्व.

आपल्या घरचं उदाहरण तर अभिमानानं सांगावं असं आहे. १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगत’ या गोव्यातल्या संस्थेनं राज्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ या जगभर मान असलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पिण्यामुळं नुकसान होऊ लागलेल्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर जास्तीत जास्त चार बैठकांचं समुपदेशन दिलं. ते देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवी घेतलेलेही नव्हते. स्थानिक, साधी, त्या कामापुरतं प्रशिक्षण दिलेली माणसं होती. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांत मागचे १४ दिवस अजिबात न प्यायलेले ४२ टक्के होते, न मिळालेल्यांत १८ टक्के. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता. या बैठकांत देवाचं नाव नव्हतं. तुझं पिणं तुला काय करतंय हे समोर मांडणं, आग्रह करणाऱ्या मित्राला नाही कसं म्हणायचं याचा सराव, आणि पुन्हा घसरू नये याची आखणी, एवढंच.

एक फरक मात्र ध्यानात ठेवायचा. हा प्रयोग पूर्ण अवलंबून झालेल्यांवरचा नव्हता, त्याच्या अलीकडच्या टप्प्यावरच्या माणसांवरचा होता. सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून पिणाऱ्याला चार बैठका पुरणार नाहीत.

त्या माणसासाठी सगळ्यात आधी डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत घाम, थरथर, भास, झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. देवळात शपथ घालून खोलीत कोंडणं किंवा नुसतं मीटिंगला नेऊन बसवणं, दोन्ही अशा वेळी धोक्याचं. बांबोळीचं मनोरुग्णालय आहे, तिथं जायला लाजू नये. औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हे दिवस सुखरूप पार पडतात. नंतर ओढ कमी करणारी औषधंही आहेत. जो गट, बाबा किंवा केंद्र ‘औषधं बंद करा, विश्वास ठेवा’ असं सांगेल, तिथून उठून यावं. आणि जेवणातून गुपचूप गोळ्या घालू नयेत. डायसल्फिरॅम हे दारू सोडवण्यासाठीचं औषध पोटात गेलेला माणूस नकळत प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे. एएची ओपन मीटिंग कुणालाही बघता येते, पिणाऱ्यालाही आणि घरच्यांनाही. पहिली मीटिंग आवडली नाही तर दुसऱ्या गावातली बघावी. म्हापशाची आणि मडगावची एकसारखी असेलच असं नाही, भाषा वेगळी, माणसं वेगळी. पायऱ्यांतून नेणारा स्पॉन्सर निवडताना त्याला सरळ विचारावं, “मी देव मानत नाही, पुढंही मानेन असं वाटत नाही. तरी माझ्याबरोबर काम कराल?” जो क्षणभर विचार करून ‘करीन’ म्हणेल त्याचा नंबर घ्यावा, आणि त्याच रात्री त्याला पहिला फोन करावा.